वचन तेच, वाचणारे वेगळे

इसवी सन १८४५ या एका वर्षात, अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवर, बायबल कसे वाचावे या एकाच प्रश्नाशी निगडित अशा चार गोष्टी घडल्या. इंग्लंडमध्ये जॉन हेन्री न्यूमन या विद्वान धर्मोपदेशकाने ख्रिस्ती सिद्धान्तांच्या विकासावरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला आणि अँग्लिकन पंथ सोडून तो रोमन कॅथलिक झाला. अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठाचा अध्यक्ष फ्रान्सिस वेलँड आणि दक्षिण कॅरोलायनातील धर्मोपदेशक रिचर्ड फुलर या दोन बॅप्टिस्टांचा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने बाहेर पडला. त्याचा विषय होता, गुलामगिरीला शास्त्राधार आहे किंवा नाही. गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून पाठविता येईल काय, या वादावरून दक्षिणेतील बॅप्टिस्ट उत्तरेपासून फुटले आणि जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे त्यांनी आपले स्वतंत्र अधिवेशन स्थापन केले. आणि बॉस्टनमध्ये फ्रेडरिक डग्लस या पळून आलेल्या गुलामाचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. त्याच्या परिशिष्टात त्याने ख्रिस्ताचा धर्म आणि या देशाचा धर्म या दोहोंतील अंतर इतक्या स्पष्ट शब्दांत मांडले की, ते वाचून कोणत्याही प्रामाणिक उपदेशकाला त्या रात्री झोप लागू नये.

न्यूमन, वेलँड, फुलर आणि डग्लस यांच्यासमोरचा ग्रंथ एकच होता. शब्द तेच होते. फरक होता तो वाचणारा कोठे उभा आहे, याचा. धर्मग्रंथाचा अर्थ काळाच्या ओघात हळूहळू उलगडत जातो, हे विधान आज ख्रिस्ती जगतात जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. ते खरेही आहे. परंतु कळी आपोआप उमलावी तसा हा अर्थ उलगडत नाही. तो कोणीतरी उलगडतो, कोणीतरी त्याला अडवून धरतो, आणि मधल्या काळाची किंमत कोणीतरी तिसराच मोजत असतो. गुलामगिरीचा प्रश्न हे त्याचे सर्वांत ठसठशीत आणि सर्वांत वेदनादायक उदाहरण होय.

'अर्थ वाढतो' ही कल्पना न्यूमनने प्रथम मांडली असे नव्हे. पाचव्या शतकात गॉल देशातील लेरँ बेटावरच्या व्हिन्सेंट नावाच्या भिक्षूने, बालकाचे शरीर वाढून प्रौढ होते पण माणूस तोच राहतो, असा दृष्टान्त देऊन ती सांगितली होती. न्यूमनने तिला इतिहासाची भरभक्कम बैठक दिली. प्रवाह उगमापाशीच सर्वांत निर्मळ असतो ही समजूत त्याला मान्य नव्हती; विचाराचे पात्र जसजसे रुंद आणि खोल होत जाते तसतसे त्याचे खरे स्वरूप प्रकट होते, असे त्याचे प्रतिपादन होते. मराठी वाचकाला हे फारसे अपरिचित वाटू नये. गीतेच्या त्याच सातशे श्लोकांतून शंकराचार्यांना संन्यास दिसला, ज्ञानेश्वरांना भक्ती दिसली आणि मंडालेच्या तुरुंगात बसलेल्या लोकमान्यांना कर्मयोग दिसला. भाष्यकाराचा काळ भाष्यात उतरतो, हे आपल्याकडे कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. मात्र भाष्य चुकले तर कोणाच्या पाठीवर वळ उठतात, हा प्रश्न आपणही क्वचितच विचारतो.

ग्रंथात काय आहे?

बायबल गुलामगिरीविषयी काय म्हणते? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, ही गोष्ट प्रथम मोकळेपणाने कबूल केली पाहिजे. मिसर देशातील दास्यातून एका जमातीची सुटका ही जुन्या कराराची मध्यवर्ती कथा आहे. पण त्याच मोशेच्या नियमशास्त्रात दास विकत घेण्याचे नियमही आहेत. लेवीय या पुस्तकाने परराष्ट्रीयांतून दासदासी घेण्याची आणि त्या मुलांना वारशाने देण्याची मुभा दिली आहे. अनुवाद या पुस्तकाने पळून आश्रयाला आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये, असे बजावले आहे. नव्या करारात पौल गलतीकरांस लिहितो की, ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र असा भेद उरलेला नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात मात्र दासांना धन्याची आज्ञा पाळण्यास सांगितले आहे. फिलेमोनाला लिहिलेल्या चिमुकल्या पत्रात तर दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत: पौल अनेसिम या दासाला धन्याकडे परत पाठवितो, आणि यापुढे त्याला दास न मानता प्रिय बंधू मानावे, अशी विनंती करतो. गुलामांच्या मालकांनी या पत्रातील परत पाठविणे तेवढे वाचले. गुलामगिरीच्या विरोधकांनी बंधू हा शब्द वाचला.

एक उदाहरण तर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही विचारात पाडील असे आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, स्वातंत्र्य मिळण्याची संधी आलेल्या दासाला पौल सल्ला देतो. मूळ ग्रीक वाक्यात क्रियापद आहे, पण त्याचे कर्म नाही. 'त्यापेक्षा उपयोग करून घे' एवढेच म्हटले आहे. कशाचा उपयोग? मिळणाऱ्या स्वातंत्र्याचा, की आहे त्या दास्याचा? वाक्य दोन्ही बाजूंनी लागते. चौथ्या शतकातील थोर भाष्यकार योहान क्रिसोस्तम याने, दास्यातच राहा, असा अर्थ केला. सोळाशे वर्षे हा वाद मिटलेला नाही. एका गाळलेल्या कर्मावर किती माणसांचे आयुष्य टांगले गेले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मराठी बायबल वाचणाऱ्याची अडचण आणखी निराळी आहे. आपल्याकडे 'दास' या शब्दाला भक्तीचा सुगंध आहे. रामदास, तुलसीदास, हरिदास ही नावे ज्याच्या कानावर लहानपणापासून पडली, त्याला पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवितो तेव्हा देवळातील समईचा उजेड आठवतो. बाजारातील साखळदंड आठवत नाहीत. पौलाच्या मूळ श्रोत्यांना मात्र साखळदंडच आठवत असणार. त्यांच्यापैकी कित्येकजण स्वतःच कोणाच्या तरी मालकीचे होते. भाषांतरात शब्द बरोबर येतो आणि तरीही त्याचा घाव बोथट होतो, तो असा.

अर्थ सापडतो आणि हरवतो

हळूहळू उलगडण्याच्या सिद्धान्ताला एक मोठी अडचण आहे, ती म्हणजे निसाचा बिशप ग्रेगरी. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात उपदेशक या पुस्तकावर प्रवचन करताना, दासदासी विकत घेतल्याची फुशारकी सांगणाऱ्या वचनापाशी तो थांबला आणि त्याने विचारले की, देवाच्या प्रतिरूपात घडविलेल्या माणसाची किंमत कोणत्या नाण्यांत करणार? सारी पृथ्वी मोबदल्यात दिली तरी ती पुरी पडणार नाही. गुलामगिरीच्या मुळावरच घातलेला इतका स्पष्ट घाव प्राचीन जगात दुसरा सापडणे कठीण. म्हणजे अर्थ तेव्हाच हाती आला होता! पण तो कोणी उचलला नाही. त्यानंतर थोड्याच वर्षांत ऑगस्टीनने, गुलामगिरी हे मानवाच्या पापाचे फळ आहे, अशी मांडणी केली. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाला हीच मांडणी सोयीची ठरली, कारण पापाचे फळ निमूटपणे भोगावयाचे असते.

पुढे १४५२ मध्ये पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजाला आज्ञापत्र देऊन, ख्रिस्ती नसलेल्यांना जिंकण्याचा आणि कायमच्या दास्यात टाकण्याचा अधिकार बहाल केला. तेच राज्य १५१० मध्ये गोव्याला येऊन थडकले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तेथील भर रस्त्यावर चालणाऱ्या माणसांच्या खरेदी-विक्रीचे वर्णन करून ठेवले आहे. त्या रस्त्यापासून चर्चेस दूर नव्हती.

स्पॅनिश धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास याची कथा या संदर्भात मुळातून पाहण्यासारखी आहे. क्यूबा बेटावर त्याच्याकडे जमीन होती आणि तिच्यावर राबणारे मूळ रहिवासी होते. १५११ मध्ये अंतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन भिक्षूने सांतो दोमिंगो येथे, ही माणसे नाहीत काय, असा जळजळीत प्रश्न वसाहतवाल्यांना प्रवचनातून विचारला होता. १५१४ मध्ये सणाच्या प्रवचनाची तयारी करताना लास कासासची नजर बेन सीराच्या पुस्तकातील एका उताऱ्यावर खिळली. गरिबाच्या तोंडचा घास काढून घेणे म्हणजे त्याचा जीव घेणे, आणि लुबाडलेल्या धनाचा नैवेद्य देवाला चालत नाही, अशा आशयाचा तो उतारा. तो त्याने पूर्वी वाचला नव्हता, असे कसे म्हणता येईल? पण वाचणे आणि दिसणे यांत अंतर असते. त्याने आपल्या ताब्यातील माणसे सोडून दिली आणि उरलेले दीर्घ आयुष्य त्यांच्या कैवारात घालविले. मात्र येथेच थांबले तर चित्र खोटे होईल. मूळ रहिवाशांचा भार हलका व्हावा म्हणून याच लास कासासने आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती. तिचा पश्चात्ताप त्याला पुढे झाला आणि त्याने तो लिहूनही ठेवला. एका माणसाला एक जमात दिसली, दुसरी दिसायला आणखी कित्येक वर्षे लागली.

कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट पेनसिल्व्हेनियात घडली. १६८८ मध्ये जर्मनटाऊन येथील चार क्वेकरांनी, दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्याच्याशी वागावे, या येशूच्या वचनाचा आधार घेऊन गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन लिहिले. मासिक सभेने ते फार महत्त्वाचे असल्याचा शेरा मारून तिमाही सभेकडे पाठविले. तिमाही सभेने ते वार्षिक सभेकडे पाठविले. वार्षिक सभेने निर्णय घेणे उचित नसल्याचे ठरविले. कागद दप्तरात गेला, तो १८४४ मध्ये कोणाच्या तरी हाती लागला. मधल्या काळात बेंजामिन ले नावाच्या ठेंगण्या, कुबड्या आणि विलक्षण हट्टी क्वेकराने १७३८ च्या वार्षिक सभेत एक पोकळ केलेला ग्रंथ तलवारीने भोसकला. आत लपविलेल्या पिशवीतील रक्तासारखा लाल रस शेजारच्या मंडळींवर उडाला. त्याला उचलून बाहेर काढण्यात आले. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांच्या खरेदी-विक्रीत गुंतलेल्या सदस्यांविरुद्ध पाऊल उचलले आणि १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना सदस्यत्वातूनच वगळले. म्हणजे निवेदनापासून निर्णयापर्यंत अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली. आणि तीही अशा पंथात, ज्याची सदसद्विवेकबुद्धी सर्वांत जागृत मानली जाते.

दोन पंडित आणि एक गुलाम

१८४५ च्या त्या पत्रव्यवहाराकडे परत वळले पाहिजे, कारण अर्थ क्रमाक्रमाने उलगडतो हा युक्तिवाद तेथे प्रत्यक्ष वापरला गेला. फुलरचे म्हणणे सरळ होते. देवाने जुन्या करारात ज्याला मुभा दिली आणि प्रेषितांनी नव्या करारात ज्याला मनाई केली नाही, ते स्वभावतः पाप कसे असेल? वेलँडचे उत्तर असे की, देव माणसाला एकदम सारे सांगत नाही. सुवार्तेने गुलामगिरीवर बंदीचा हुकूम काढला नाही, तर जिच्यामुळे ती टिकणेच अशक्य होईल अशी तत्त्वे पेरली. हुकूम मोडता येतो, तत्त्व आतून काम करते.

निव्वळ तर्काच्या कसोटीवर फुलरची बाजू दुबळी नव्हती, हे मान्य करावे लागते. एकेक वचन सुटे काढून शब्दशः वाचावयाचे ठरविले तर त्याच्या हातात पुरावा अधिक होता. विल्यम लॉइड गॅरिसनसारख्या कट्टर विरोधकाने, बायबल गुलामगिरीच्या बाजूने असेल तर बायबल चुकले, असे म्हणण्यापर्यंत मजल मारली, ती उगाच नव्हे. वेलँडचे वाचन व्यापक होते आणि अधिक सखोलही होते. पण त्याच्या युक्तिवादात एक सावकाशी होती, जी मुक्त माणसालाच परवडते. पेरलेले तत्त्व उगवेपर्यंत कापसाच्या शेतात कोण राबणार होते, हे त्या दोघा सज्जनांच्या सौजन्यपूर्ण पत्रांत फारसे जाणवत नाही.

ते डग्लसला माहीत होते. त्याच्या पुस्तकात एका रविवारच्या शाळेची हकीगत आहे. गुलामांना नवा करार वाचावयास शिकविणारी ती शाळा लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने उधळली, आणि त्या जमावाचे पुढारी चर्चमध्ये धर्मवर्ग चालविणारे होते. नॅट टर्नर या बायबलवेड्या गुलामाने १८३१ मध्ये व्हर्जिनियात बंड केल्यानंतर तर गुलामांच्या शिक्षणावरील कायद्यांचे फास अधिकच आवळले गेले. धर्मोपदेश अवश्य करावा, पण ग्रंथ हाती देऊ नये, असे ते धोरण होते.

या धोरणाचा सर्वांत बोलका पुरावा १८०७ मध्ये लंडनला छापला गेला. वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी तयार केलेले ते निवडक बायबल. जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के आणि नव्या कराराचा सुमारे निम्मा भाग त्यातून वगळला आहे. दहा आज्ञा आहेत. मोशेने आपल्या लोकांना मिसरातून बाहेर काढल्याची कथा नाही. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हा उपदेश आहे. दास आणि स्वतंत्र हा भेद उरला नाही हे गलतीकरांस लिहिलेले वचन नाही. या ग्रंथाच्या अगदी मोजक्या प्रती आज शिल्लक आहेत. धर्मशास्त्राचे पंडित त्या वचनांचा अर्थ काय, यावर पुढे अर्धशतक वाद घालीत राहिले. पण ज्याने कात्री चालविली, त्याला तो अर्थ आधीच कळला होता. नाहीतर नेमकी तीच पाने कशी गळली असती?

आणि ज्यांच्यापासून पाने लपविली, त्यांनाही तो कळला होता. अक्षरओळख नसलेल्या गुलामांनी ऐकीव कथांतून मोशे, फारो, तांबडा समुद्र आणि यार्देन नदी यांची गाणी रचली. मेरीलँडमधून स्वतः निसटून पुन्हा पुन्हा मागे जाऊन इतरांना सोडविणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक 'मोशे' म्हणत. निर्गमाच्या पुस्तकावरील हे भाष्य विद्यापीठात लिहिले गेले नाही. परंतु आजचे बायबलचे अभ्यासक त्या पुस्तकाचा जो गाभा सांगतात, तो या निरक्षर भाष्यकारांनी कधीच पकडला होता.

सिद्धान्तकाराचीही कसोटी

येथे न्यूमनविषयी एक गोष्ट नोंदविणे न्यायाचे होईल. अब्राहम लिंकन यांचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस एका मित्राला लिहिलेल्या पत्रात न्यूमनने, गुलामगिरी स्वभावतःच दुष्ट आहे असे म्हणण्यास नकार दिला. पौलाने जिला तत्काळ झुगारले नाही, तिला मूलतः पाप कसे म्हणावे, हा त्याचा मुद्दा होता. अर्थाच्या विकासाचा सिद्धान्त ज्याने मांडला, त्याच्या डोळ्यांदेखत एक अर्थ विकसित होत होता, आणि तो त्याला ओळखता आला नाही. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी न्यूमनला संतपद दिले. त्याच्या थोरवीला या पत्राने बाध येत नाही. पण सिद्धान्त ठाऊक असणे आणि त्याची पुढची पायरी दिसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यावरून कळते.

रोमची वाटचालही अशीच अडखळत झाली. १५३७ मध्ये पोप तिसरा पॉल याने अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास मनाई केली. १८३९ मध्ये सोळाव्या ग्रेगरीने गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. आणि तरीही १८६६ मध्ये, इथिओपियातून आलेल्या प्रश्नांना उत्तर देताना रोममधील धर्मपीठाच्या कचेरीने, गुलामगिरी ही मूलतः निसर्गनियमाच्या अगर ईश्वरी नियमाच्या विरुद्ध नाही, असा निर्वाळा दिला. शंभर वर्षे उलटण्याच्या आतच, १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने गुलामगिरीची गणना मानवी प्रतिष्ठेला काळिमा फासणाऱ्या कृत्यांत केली. ईश्वरी प्रकटीकरणाचे आकलन श्रद्धावंतांच्या चिंतनाने आणि अभ्यासाने वाढत जाते, हेही त्याच परिषदेने त्याच वर्षी अधिकृतपणे सांगितले. ऑगस्टाला स्थापन झालेल्या दक्षिणी बॅप्टिस्टांनी १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी, आपल्या जन्मकथेतील गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल कृष्णवर्णीयांची क्षमा मागितली. पंधराव्या शतकातील त्या आज्ञापत्रांवर उभारलेली 'शोधाची' उपपत्ती कॅथलिक शिकवणुकीचा भाग नाही, असे व्हॅटिकनने मार्च २०२३ मध्ये जाहीर केले.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतो. परंपरावादी म्हणतात, अर्थ असा बदलत गेला तर प्रमाण काय उरले? संशयवादी म्हणतात, जगाने आधी ठरविले आणि धर्माने मागून वचने जुळविली. याला उलगडणे कसले म्हणता? दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. परंतु तो पुरा खरा नाही. जर्मनटाऊनच्या चौघांनी जगाचे वारे पाहून निवेदन लिहिले नव्हते. वारे उलट दिशेने वाहत होते. निसाच्या ग्रेगरीला तर वाऱ्याची झुळूकही लागली नव्हती. वचनाने त्यांना अडविले. पहिल्या आक्षेपाला उत्तर असे की, कोणताही अर्थ चालेल, असे या इतिहासातून निघत नाही. जो अर्थ टिकला, तो ग्रंथाच्या मध्यवर्ती कथेशी जुळणारा होता; जो गळून पडला, त्याला टिकण्यासाठी पाने कापावी लागली होती.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी एक धागा जुळलेला आहे. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केले. त्या देशात दोन्ही बाजू एकच ग्रंथ वाचीत आणि एकाच देवाची प्रार्थना करीत होत्या, असे लिंकन यांनी म्हटले होते. पुण्यातून पाहणाऱ्या जोतीरावांना त्यांतली कोणती बाजू आपल्या कामाची, हे ओळखण्यास वेळ लागला नाही. भारतातील चर्चला मात्र तो लागला. दास आणि स्वतंत्र हा भेद मिटविणाऱ्या त्याच वचनाखाली तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती मृतांची दफनभूमीसुद्धा वेगळी राहिली. भारतातील कॅथलिक बिशपांनी दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर करून चर्चमधील या भेदभावाची कबुली दिली, ती २०१६ मध्ये.

१९३५ मध्ये हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मचिंतक एका शिष्टमंडळाबरोबर या उपखंडात आले होते. पुढे फेब्रुवारी १९३६ मध्ये ते बारडोलीला गांधीजींना भेटले. त्यापूर्वी कोलंबोच्या लॉ कॉलेजात व्याख्यान झाल्यावर त्यांना विचारण्यात आले की, ज्या धर्माच्या लोकांनी तुमच्या पूर्वजांना विकले, त्या धर्माचे म्हणवून घेऊन तुम्ही येथे कसे आलात? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना १९४९ मध्ये त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्यात आपल्या आजीची आठवण सांगितली. आजीचा जन्म गुलामगिरीत झालेला. तिला वाचता येत नसे, म्हणून लहानगा हॉवर्ड तिला बायबल वाचून दाखवी. पौलाची पत्रे मात्र ती कधीही वाचू देत नसे. अपवाद फक्त करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातील प्रीतीवरच्या अध्यायाचा, तोही अधूनमधून. मोठेपणी त्यांनी धीर करून कारण विचारले. मालकाचा गोरा उपदेशक वर्षातून तीनचार वेळा पौलाचे तेच एक वचन घेऊन, तुमचे दास्य देवाच्या इच्छेने आहे, असे सांगे, हे आजीने त्यांना सांगितले. तेव्हाच तिने देवाला शब्द दिला होता की, स्वातंत्र्य मिळाले आणि कधी वाचावयास आले, तरी ग्रंथाचा तेवढा भाग ती वाचणार नाही.

त्याच पौलाच्या पत्रातील ते कर्म नसलेले वाक्य अद्यापि भाषांतरकारांच्या टेबलावर आहे. १९४६ मध्ये नव्या कराराची सुधारलेली प्रमाण इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा स्वातंत्र्याची संधी साधावी हा अर्थ मुख्य मजकुरात आणि आहे त्या स्थितीचा उपयोग करावा हा अर्थ तळटीपेत छापला गेला. १९८९ मध्ये त्याच आवृत्तीची पुन्हा सुधारणा झाली. या वेळी दास्याचा अर्थ वर आला आणि स्वातंत्र्याचा अर्थ बारीक टाइपात खाली गेला.